गॅरेज कट्टा : ट्रॅकवर न्यायची स्वस्तातली गाडी

गेल्या अंकात ट्रॅक डेवर चार ओळी लिहिल्या होत्या तर यावेळचे जवळजवळ सगळे प्रश्न त्याच्यावरच आलेत, मग म्हटलं अख्खा कट्टा त्यालाच देऊन टाकू. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच, ट्रॅक डे म्हणजे रेस नाही. आयोजक ट्रॅक भाड्याने घेतात, आपण पैसे भरून स्वतःची गाडी न्यायची, वीस-वीस मिनिटांची सेशन असतात, पुढच्याने हात दाखवला की मगच ओव्हरटेक करायचं, नंबर-बिंबर कोणी काढत नाही.

प्रश्न : माझं बजेट सगळं मिळून तीन लाख. जुनी होंडा सिटी व्हीटेक घेऊ, एस्टीम घेऊ की स्विफ्ट? मित्र म्हणतो सिटी घे आणि नंतर टर्बो टाकू. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : मित्राला चहा पाजा आणि टर्बोचा विषय तिथेच संपवा.

तीन लाख बजेट म्हणजे तीन लाखाची गाडी नाही हे आधी डोक्यात बसवा. आपण मुंबईत राहतो, इथून चेन्नईचा ट्रॅक तेराशे किलोमीटर, कोईम्बतूरही त्याच हिशोबात. जवळपास कुठे काय सुरू होतंय, कोणाला आत घेतात, हे ज्या त्या आयोजकाला विचारत राहा, पण बजेट मांडताना लांबचाच प्रवास धरा. तर एवढ्या लांब जाऊन दुसऱ्या सेशनला तीनशे रुपयांचा रबरी पाईप फुटला तर तुमची एंट्री फी, पेट्रोल, लॉज, दोन दिवसांची रजा सगळं पाण्यात. म्हणून स्वस्त गाडी म्हणजे जी दिवसभर टिकते ती, मग विकत घेताना ती पन्नास हजार महाग का पडेना. हे मी पुढच्या प्रत्येक उत्तरात या ना त्या प्रकारे बोलणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आता गाड्या. सिटीचं ते १०६ बीएचपीचं दीड लिटर व्हीटेक इंजिन गोड आहे यात वादच नाही, पण ती गाडी २००० ते २००३ या काळातली, चांगली शिल्लक असलेली मालक सोडत नाहीत आणि विकायला असते ती तीन जणांनी आधीच पिळलेली असते, वर पार्टसाठी शोधाशोध. एस्टीम हलकी, भारतातल्या रेसिंगमध्ये वर्षानुवर्षं धावलेली, तिचं १.३ चं जी-सिरीज इंजिन जुन्या मिस्त्रींना तोंडपाठ, पण ती २००७ ला बंद झाली आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत तिचा पत्रा आतून कसा झालाय हे लिफ्टवर चढवल्याशिवाय कळत नाही. मागच्या सस्पेन्शनच्या माउंटिंगजवळ आणि फ्लोअरला स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, आत गेला की हात जोडून निघून या.

माझं मत विचाराल तर १.२ पेट्रोल स्विफ्ट. शक्ती ८५ च्या आसपास, वजन हजार किलोच्या आत-बाहेर, आणि मुख्य म्हणजे पार्ट कुठेही मिळतो. ऑपेरा हाउसला नवा, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना, आणि वाटेत हुबळीला काही तुटलं तरी तिथेही. एबीएसवालं मॉडेल मिळालं तर उत्तमच. फक्त आरसीवरची तारीख नीट बघा, पंधरा वर्षं भरत आली असतील तर फिटनेस आणि रजिस्ट्रेशन रिन्यू करायचा खर्च विकणाऱ्याच्या किमतीतून कापून घ्या. दुसऱ्या राज्यातली गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, एनओसी आणि इथला रोड टॅक्स भरून ती बरोबरीत येते वर आरटीओच्या चकरा आहेतच.

पैशाचं म्हणाल तर निम्मे गाडीला, पाऊण लाख ती ठणठणीत करायला (ब्रेक, कूलिंग, टायर, बुश, बॉल जॉइंट, इंजिन माउंटिंग) आणि उरलेले हात न लावता पहिल्या दोन ट्रॅक डेसाठी बाजूला. बहुतेक जण उलटं करतात, सगळं गाडीत ओततात आणि मग वर्षभर ती ताडपत्रीखाली उभी.

आणि ८५ बीएचपी कमी वाटत असेल तर एक सांगतो. कोईम्बतूरच्या कारी स्पीडवेला ज्यांचं नाव आहे त्या करिवर्धन यांनी फॉर्म्युला मारुती ही एका सीटची रेसिंगची गाडी बनवली ती मारुतीच्या ८०० सीसी इंजिनवर, आणि त्यावर आपल्याकडची एक अख्खी पिढी गाडी चालवायला शिकली.

प्रश्न : कोईम्बतूरला तिसऱ्या-चौथ्या लॅपला ब्रेक पॅडल एकदम मऊ झालं, जवळजवळ तळाला गेलं. पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे) अर्धा तास थांबल्यावर परत ठीक. गॅरेजवाला म्हणतो मोठ्या डिस्क आणि मोठे कॅलिपर टाका, चाळीस हजार होतील. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : चाळीस हजार खिशात ठेवा. तुमचं काम बहुतेक दोन हजारात होणार आहे.

पॅडल मऊ झालं हे तुम्ही नीट लिहिलंत म्हणून बरं, कारण ब्रेक दोन वेगवेगळ्या प्रकारे जातात आणि दोन्हींना लोक सरसकट ब्रेक फेल म्हणतात. पॅडल दगडासारखं कडक आहे, तुम्ही उभे राहताय त्याच्यावर, पण गाडी थांबत नाही, तर पॅड भाजलेत. पॅडल मऊ झालं, स्पंज झालं, तळाला गेलं, तर ब्रेक ऑइल उकळलंय. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, त्यामुळे तुमचा पाय वाफ दाबण्यातच खर्ची पडतो. गार झालं की वाफेचं परत ऑइल, म्हणून अर्ध्या तासाने सगळं ठीक वाटतं. वाटतं तेवढंच.

उकळतं का, तर हिशोब बघा. हजार किलोची गाडी १४० वरून ६० वर आणायची म्हणजे साधारण सहाशे किलोज्यूल उष्णता तयार होते, म्हणजे दोन लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळी येईपर्यंत तापवण्याइतकी. ही पाच सेकंदात, त्यातली बरीचशी पुढच्या दोन चाकांत, आणि प्रत्येक लॅपला दोन-तीनदा. कारीचा ट्रॅक छोटा आहे, जेमतेम दोन किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे डिस्कला दोन ब्रेकिंगच्या मध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही.

आता ऑइलकडे या, डब्यावर डॉट आणि पुढे आकडा असा त्याचा ग्रेड लिहिलेला असतो. डॉट ३ नवीन असताना २०५ डिग्रीला उकळतं, डॉट ४ २३० ला, डॉट ५.१ २६० ला. पण हे ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि साधारण पावणेचार टक्के पाणी शोषलं की तेच डॉट ३ १४० ला उकळतं आणि डॉट ४ १५५ ला. मुंबईचे चार महिने पावसाळ्याचे, उरलेले आठ दमट, आणि आपल्याकडे ब्रेक ऑइल बदलतो कोण, कमी झालं की वरून टाकतात बस. तुमच्या गाडीत शेवटचं कधी बदललं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यातच उत्तर आलं.

तर सगळं जुनं ऑइल काढून चारही चाकं ब्लीड करायची, म्हणजे पॅडल मारत मारत नळ्यांतलं जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायची. रेसिंगचं ऑइल मिळतं, तीनशे डिग्रीच्या वर उकळणारं, अर्ध्या लिटरची बाटली दोन हजाराच्या आसपास, ते घ्या. नाहीच परवडलं तर चांगल्या कंपनीचं ताजं डॉट ४, पण सीलबंद. गॅरेजमध्ये अर्धा डबा उघडा पडलेला असतो ना, त्यातलं चुकूनही नाही. डॉट ५ नावाचंही मिळतं ते सिलिकॉनचं, ५.१ चा त्याच्याशी काही संबंध नाही, मिसळू नका. आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, पेंट उतरतो.

ऑइल झालं की मग पॅड. पुढचे पॅड चांगल्या कंपाउंडचे घ्या, मागच्याला कंपनीचे चालतात. नवे पॅड बेड करावे लागतात म्हणजे हळूहळू तापवून डिस्कवर त्यांचा थर बसवायचा. यासाठी मुंबईत रस्ता नाही आणि एक्सप्रेसवेवर असले प्रकार करू नका, मागून ट्रक येतोय. पहिल्या सेशनच्या पहिल्या दोन-तीन लॅप त्यातच घालवा.

सेशन संपताना शेवटची लॅप ब्रेक न वापरता हळू मारा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, ही सवय लागायला वेळ लागतो पण लावा, तापलेले पॅड गरम डिस्कला किंवा ड्रमला चिकटून बसतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाला वीट लावा. हे सगळं करूनही पॅडल गेलं तर मोठ्या डिस्कचं बोलू.

प्रश्न : मागची सीट, कार्पेट काढलं, सरळ पाईपचा सायलेन्सर लावला तर रोजच्या वापरात चालेल का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की आरसीवर जे नोंदलंय आणि कंपनीने जसं बनवलंय त्यापेक्षा वेगळी गाडी करायची नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावलंय. सीट, स्टेपनी, जॅक ट्रॅकवर पोचल्यावर काढा, पिटमध्ये ताडपत्रीवर ठेवा, संध्याकाळी परत बसवा. पाना-पेंचिसचं काम आहे, तीस-चाळीस किलो कमी होतात आणि फुकट होतात. सायलेन्सर राहू दे जसा आहे तसा.

प्रश्न : गाडीचा फुल इन्शुरन्स आहे. ट्रॅकवर ठोकली तर क्लेम मिळेल ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पॉलिसी काढा, त्यात वापराच्या मर्यादा असा भाग असतो, तिथे आयोजित रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हे वगळलंय असं छापलेलं दिसेल. आता ट्रॅक डे ही रेस नाही असा वाद घालता येईल पण घालणार कोण आणि किती वर्षं. ट्रॅकवर जे तुटेल ते आपलं असंच धरून चाला, म्हणून तर म्हणतो जी गाडी तिथेच सोडून एसटीने घरी यायची मनाची तयारी आहे तीच न्या. कर्ज काढून घेतलेली तर अजिबात नको. बॅरियरचं नुकसानही बऱ्याच ठिकाणी आपल्याकडून वसूल करतात, फॉर्मवर सही करायच्या आधी वाचा.

प्रश्न : माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, नोकरीला लागल्या लागल्या जुनी गाडी घेऊन ती ट्रॅकसाठी तयार करतोय. आता रेसिंगचा चार पट्ट्यांचा बेल्ट मागवलाय, म्हणतो आई हा जास्त सेफ आहे. खरं आहे का? मला मेलीला यातलं काही कळत नाही. (एक आई, दादर)

उत्तर : काकू, तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय, मुलाला हे उत्तर वाचायला द्या.

तो बेल्ट रेसिंगच्या गाडीत सेफ असतो कारण तिथे सोबत रोल केज म्हणजे आत बसवलेला लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो, बकेट सीट असते आणि बेल्टचे खांद्याचे पट्टे योग्य उंचीवर बांधलेले असतात. साध्या गाडीत नुसता तो बेल्ट लावला तर तीन गोष्टी होतात. गाडी उलटली आणि छत खाली आलं तर साध्या बेल्टमध्ये माणूस बाजूला कलंडतो, या बेल्टमध्ये तो ताठ बांधलेलाच राहतो. पट्टे मागच्या सीटच्या हुकांना म्हणजे खाली बांधले तर धडकेत सगळा दाब मणक्यावर येतो. आणि पायांच्या मधला पट्टा नसला तर कमरेचा पट्टा वर सरकून पोटावर येतो. एकदा केजकडे गेलं की मग रस्त्यावर हेल्मेटशिवाय तीच गाडी चालवणं धोक्याचं, डोकं पाइपवर आपटतं. म्हणून बजेटच्या गाडीत कंपनीचा तीन पॉइंटचा बेल्ट हाच बरा, फक्त तो जुना झाला असेल, झटका दिल्यावर लॉक होत नसेल तर नवा टाका.

हेल्मेट फुल फेसच हवं. त्याच्यावर स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एसए (कार रेसिंगसाठीचं) असं लिहिलेलं असलं तर उत्तम, त्यात आतलं अस्तर आगीला टिकणारं असतं, बाइकच्या हेल्मेटला ते नसतं, तरी बऱ्याच ट्रॅक डेला बाइकचं चांगलं फुल फेस चालतं, आयोजकांना विचारायला सांगा. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे, नायलॉनचं टीशर्ट नको, ते वितळून अंगाला चिकटतं. आग विझवायचा छोटा सिलिंडर धातूच्या ब्रॅकेटमध्ये घट्ट बसवलेला हवा, सीटखाली नुसता सरकवून ठेवलेला सिलिंडर धडकेत आधी त्यालाच लागेल.

आणि धोक्याचं विचाराल तर आहेच, पण समोरून गाडी येत नाही, रिक्षा मध्येच वळत नाही, मार्शल असतात, अँब्युलन्स उभी असते. रात्री दोनला पाम बीच रोडवर मित्रांसोबत जाण्यापेक्षा लाखपट बरं. (हे ज्यांनी ज्यांनी प्रॅक्टिस कुठे करू असं विचारलंय त्यांच्यासाठीही. सार्वजनिक रस्त्यावर रेसिंग केलं तर कलम १८९ खाली पहिल्याच वेळी पाच हजारापर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. हात बसवायचा तर कार्टिंग करा, कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे.)

प्रश्न : गाडी गरम होत होती म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅटच काढून टाकला, म्हणाला मुंबईत याची गरज नसते. शहरात काटा आता खाली असतो. ट्रॅकला चालेल? (एक वाचक, वसई)

उत्तर : हे आपल्याकडचं राष्ट्रीय औषध आहे, ताप आला की थर्मामीटर फोडायचा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, ती नसली की इंजिन नीट गरमच होत नाही, कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून थंड आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. काही इंजिनांमध्ये तर थर्मोस्टॅट उघडल्यावर बायपास (रेडिएटरला वगळून जाणारी पाण्याची वाट) बंद करतो, तोच काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरकडे न जाताच परत इंजिनात, म्हणजे फुल लोडवर उलट जास्त तापणार.

मुळात तापत का होती ते शोधा. वसईला टँकरचं, बोअरचं पाणी असतं, तेच वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलेलं असेल तर आत क्षार बसलेत. रेडिएटर स्वच्छ करून घेण्यापेक्षा नवाच टाका, छोट्या गाड्यांचा फार महाग नसतो. नवा थर्मोस्टॅट, नव्या होज, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं-अर्धं, आणि रेडिएटरचं झाकण नवीन. त्या झाकणाला कोणी मोजत नाही, पण साधारण एक बारचा दाब तेच धरून ठेवतं आणि त्या दाबामुळेच पाणी शंभरऐवजी १२० च्या आसपास उकळतं. झाकण सैल म्हणजे वीस डिग्रीची सूट गेली. रेडिएटरच्या बाजूचे फोम, खालचं प्लॅस्टिक जागेवर आहे का बघा, नाहीतर हवा जाळीतून न जाता आजूबाजूने निघून जाते.

ट्रॅकवर काटा चढायला लागला तर एसी बंद, हिटर फुल, आणि गाडी लगेच बंद न करता एक लॅप हळू. पण आधी घरी हिटर चालू करून बघा, मुंबईत तो कोणी लावत नाही, त्यामुळे गळका असेल तर ट्रॅकवर पायावर गरम पाणी पडल्यावरच कळेल.

जाता जाता पेट्रोलच्या नळ्याही बघून घ्या. आता पंपावर ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्याच्यासाठी बनवलेल्या नाहीत. जुन्या रबरी नळ्या कडक होऊन चिरतात, गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं परवडणारं नाही.

प्रश्न : टायर रुंद टाकू का? (एक वाचक, कांदिवली)

उत्तर : आधी आहेत त्यांचं वय बघा. बाजूला चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या वर गेलेला टायर नक्षी कितीही शिल्लक असो, कडक झालेला असतो. कंपनीच्याच साइझचे चांगले ताजे टायर घ्या. हवा मारायचा मीटर स्वतःचा ठेवा, थंड असताना २७-२८ पीएसआयपासून सुरुवात करा, सेशननंतर गरम टायर ३२-३४ ला आलं की ठीक, जास्त गेलं तर तिथेच काढा. आणि संध्याकाळी परत हवा भरून मगच हायवेला लागा, हे विसरतात.

प्रश्न : चेन्नईला गाडी ट्रकवर न्यावी की चालवत? एकूण किती खर्च येतो? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : चालवत, निदान पहिली एक-दोन वर्षं. तुम्ही तर नेरुळला, पनवेल सोडलं की ४८ नंबरचा हायवे धरायचा, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू आणि तोच रस्ता चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅकच्या दारात सोडतो. रात्रीचा मुक्काम हुबळीच्या आसपास करा, रात्रभर चालवून सकाळी ट्रॅकवर उतरणारे असतात, त्यांची दुपारच्या सेशनला काय अवस्था होते ती बघण्यासारखी असते.

पेट्रोलचा हिशोब गमतीशीर आहे. जाऊन-येऊन २६०० किलोमीटर, चौदाच्या ॲव्हरेजने १८५ लिटर, म्हणजे एकोणीस हजारांच्या पुढे. ट्रॅकवर ॲव्हरेज पाचावर येतं म्हणून लोक घाबरतात, पण पाच सेशनला दीडशे किलोमीटर होतात, तीस लिटर, तीन हजार. गाडी पळवण्यापेक्षा पोचवायलाच सहापट. वर टोल, दोन-तीन रात्री लॉज, एंट्री फी. दोघं-तिघं मिळून गेलात तर पाना, जॅक, कंप्रेसर एकच न्यावा लागतो आणि एकाची गाडी बसली तर बाकीचे परत आणतात.

सोबत काय न्यायचं तर टॉर्क पाना (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा, चाकाचे नट प्रत्येक सेशननंतर तपासायचे, आकडा मॅन्युअलमध्ये असतो), एक लिटर इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, पुढच्या पॅडचा जादा सेट, फॅन बेल्ट, होज क्लिपा, तार, टेप. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला ठेवा, लांब वळणात ऑइल सगळं एका बाजूला जातं, कमी असलं की पंप हवा ओढतो आणि बेअरिंग गेलंच समजा. आल्यावर ऑइल बदला, काळं दिसत नसलं तरी.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करतो तर सेक्रेटरी नोटीस काढतो. काय करू? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : त्यांच्या जागी मी असतो तर मीही काढली असती, पेव्हर ब्लॉकवरचा ऑइलचा डाग दहा वर्षं जात नाही. खाली पुठ्ठा आणि ट्रे ठेवा, रविवारी सकाळी नऊच्या आत ठोकाठोक नको, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, दोन स्टँड घ्याच. ब्रेक ब्लीड करायला पॅडल मारायला दुसरा माणूस लागतो, तिथे वॉचमनला त्याच्या ड्युटीत बसवलंत तर नोटीस येणारच. मोठ्या कामाला ओळखीच्या गॅरेजमध्ये सोमवारी दुपारी लिफ्ट रिकामी असते, तासाचे पैसे ठरवून घ्या आणि जुनं ऑइल तिथेच त्यांच्या पिंपात ओता, सोसायटीच्या गटारात नाही.